पोटहिस्सा

आमच्या सॉफ्टवेअरचं म्हणणं होतं, तिसऱ्या मजल्यावरच्या स्विचला, म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या यंत्राला, सहा पंखे आहेत. मी रॅकच्या मागे जाऊन मोबाइलच्या उजेडात मोजले. चार. परत मोजले, एकेकावर बोट रोखून. चारच.

मोजायची वेळ आली ती आदल्या रात्रीच्या अलार्ममुळे. 'फॅन ५ फेल्ड', लाल अक्षरांत. रात्रपाळीला नवीन लागलेला मुलगा होता, अजून उत्साह शिल्लक असलेला. त्यानं स्टोअरच्या काकांना उठवलं, रजिस्टरवर सही करून फॅन ट्रे घेतला, तीन जिने चढला आणि पावणेदोनला मला फोन लावला. "मॅडम, इथे पाचवा पंखाच नाहीये. चार आहेत आणि चारही मस्त फिरतायत. यातला बदलू कुठला?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे झोपेत नव्हतं आणि नीट जागी झाल्यावरही नव्हतं. "राहू दे, सकाळी बघू," म्हटलं आणि छताकडे बघत पडून राहिले. वर पंखा फिरत होता. तो एकच होता, एवढं नक्की.

सकाळी वाकून, मान वाकडी करून जाळीतून आत पाहिलं तेव्हा कुठे उलगडा झाला. चार पंखे फॅन ट्रेमध्ये, ते दिसतात. उरलेले दोन, दोन पॉवर सप्लायच्या आत एकेक. 'पाचवा' म्हणजे डाव्या पॉवर सप्लायच्या पोटातला, काडेपेटीएवढा. तो सुटा निघत नाही. बदलायचा तर अख्खा पॉवर सप्लाय बदलायचा. स्विचनं ही सगळी हकिकत आम्हाला नीट सांगितली होती. आमच्या सॉफ्टवेअरनं त्यातली नावं तेवढी टिपून घेतली आणि नाती गाळली. पंखा १, पंखा २, पंखा ३, हजेरीपटासारखे सहाही एका ओळीत. आणि हा हजेरीपट दोन वर्षांपूर्वी मीच लिहिला होता. हे आत्ताच सांगून टाकते, मागाहून दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा बरं.

माझं काम घरच्यांना समजावणं जरा अवघडच आहे. नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला मी हे शिकवते, की समोरचं यंत्र कशाकशाचं बनलंय. बाहेरचा पेटारा म्हणजे चेसिस, त्यात कार्डं, कार्डांवर पोर्ट, शिवाय पंखे, पॉवर सप्लाय, तापमान मोजणारे सेन्सर. याला मॉडेलिंग म्हणतात. नातेवाइकांत हा शब्द मी एकदाच वापरला. मावशीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कुणाच्या तरी बारशाचा विषय काढला.

बाबांची गोष्ट वेगळी. ते तलाठी म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या गावांचे उतारे लिहिण्यात गेली. रविवारी त्यांना पंख्याचा किस्सा सांगितला. चहा बशीत ओतता ओतता त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे तू पोटहिस्सेच पाडले नाहीस गं. सगळा गट एका नावावर लावून मोकळी झालीस."

माझा चहा गार झाला. कारण मी जे दोन दिवस सहकाऱ्यांना फळ्यावर चौकोन काढून समजावत होते, ते एवढंच होतं. मराठीत पोट हा शब्द भलताच कामाचा आहे. पोटहिस्सा, पोटभाडेकरू, पोटजात, पोटकलम, पोटमाळा. एकाच्या आत दुसरं आहे हे सांगायला आपल्याला पोट पुरतं. इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्या मंडळींनी याच कामासाठी जो रकाना केला, त्याचं नाव 'एंटफिजिकलकंटेन्डइन'. एका दमात म्हणून बघा.

तो रकाना ज्या तक्त्यात आहे, तो एंटिटी मिबचा तक्ता १९९६ सालचा. मिब म्हणजे यंत्राला काय काय विचारता येतं त्याची ठरलेली यादी. यंत्रातल्या प्रत्येक भागाला एक क्रमांक. क्रमांकापुढे लिहायचं, तू कुणाच्या पोटात आहेस आणि तिथे कितवा. आमच्या स्विचवर वॉक मारला, म्हणजे एसएनएमपीनं, यंत्रांची विचारपूस करायच्या ठरलेल्या भाषेत, त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं विचारलं, तर तो पाठ केल्यासारखं सांगत होता: पाचवा पंखा पॉवर सप्लायच्या पोटात, पॉवर सप्लाय एका खणात, खण चेसिसच्या पोटात, आणि चेसिस शून्यात. शून्य म्हणजे कुणाच्याच नाही. त्याच तक्त्यात आणखी एक रोखठोक प्रश्न आहे: हा भाग जागच्या जागी काढून बदलता येतो का? १ म्हणजे हो, २ म्हणजे नाही. पंख्यापुढे २ होता. पॉवर सप्लायपुढे १.

म्हणजे करायचं होतं ते एवढंच. बिघडलेल्या भागापासून एकेक पायरी वर चढायचं, जिथे पहिला १ भेटेल तिथे थांबायचं आणि अलार्ममध्ये त्या भागाचं नाव लिहायचं. आठ-दहा ओळींचा कोड. तो मी लिहिला नाही म्हणून एक मुलगा रात्री दोनच्या सुमाराला नको असलेला फॅन ट्रे घेऊन तीन जिने चढला आणि तोच घेऊन उतरला. काकांनी तो परत जमा करताना रजिस्टरवर 'विनावापर' असा शेरा मारलाय. तो शेरा खरं तर माझ्यावर आहे.

बाबांना हा तक्ता फार आवडला, पण त्याचा इतिहास ऐकून ते नाराज झाले. १९९१ च्या मिबमध्ये यंत्राच्या आत काय आहे याची अशी चौकशीच नव्हती. होता तो इंटरफेसचा तक्ता: कुठल्या पोर्टातून किती बाइट आत आले, किती बाहेर गेले, किती पॅकेट वाया गेली. हा झाला गाव नमुना बारा, पीकपाण्याची नोंद. जमीन कुणाची, तिचे पोटहिस्से किती, हे सांगणारा सात पाच वर्षांनी आला. "आधी बारा, मग सात?" बाबांनी बशी खाली ठेवली. "आणि मधली पाच वर्षं?"

मधल्या काळात प्रत्येक कंपनीनं आपापला खाजगी सात लिहून ठेवला. प्रत्येकीचे रकाने वेगळे. त्यातले कितीतरी अजून चालू आहेत, आणि माझ्या पगारातला मोठा हिस्सा त्यांच्याच कृपेनं येतो. या खाजगी नोंदींसाठी कंपन्यांना क्रमांक दिलेले आहेत. सिस्कोचा ९, एचपीचा ११, ज्युनिपरचा २६३६, मिक्रोटिकचा १४९८८. आकडा जितका लहान तितका रहिवासी जुना. "वतनदार," बाबा म्हणाले. आणि प्रत्येक नोंदीला असा आकड्यांचा पत्ता असतो. त्या सगळ्या पत्त्यांची सुरुवात १.३.६ अशी होते, त्यातला ६ म्हणजे अमेरिकेचं संरक्षण खातं. तिसऱ्या मजल्यावरच्या काडेपेटीएवढ्या पंख्याची खुशाली विचारायची, तरी वाट त्यांच्या वेशीवरून जाते.

भागाचा प्रकार सांगणारा जो रकाना आहे, त्यात माझा सगळ्यात जीव आहे. पहिल्या यादीत चेसिस होता, बॅकप्लेन होता, पंखा, पॉवर सप्लाय, सेन्सर, मॉड्यूल, पोर्ट. १९९९ मध्ये स्टॅक आला. सीपीयू आला थेट २००५ मध्ये. ज्याच्यासाठी एवढा वारा घालायचा, त्याच्या आधी नऊ वर्षं वारा घालणाऱ्याचं नाव यादीत! शिवाय या यादीत 'इतर' आणि 'अज्ञात' असे दोन निरनिराळे प्रकार आहेत. इतर म्हणजे काय आहे ते मला ठाऊक आहे, पण तुमच्या यादीत बसत नाही. अज्ञात म्हणजे मलाच माहीत नाही. ज्यानं कुणी हा फरक करून ठेवला त्याला माझा नमस्कार. आमच्या ऑफिसच्या फॉर्ममध्ये एकच 'इतर' असतो आणि सगळं अज्ञान त्यात बिनबोभाट खपतं.

खण हाही एक प्रकार आहे. त्याबद्दलचा नियम असा, की खण रिकामा असला तरी त्याची नोंद करायचीच. जे नाही त्याचीही जागा मोजायची. मी मोठ्या ऐटीत बाबांना म्हटलं, "हा तुमचा पोटखराबा."

"छे! पोटखराबा म्हणजे खडक, ओढा, नाला. तिथं काही पिकायचं नाही. तुझा खण म्हणजे पड जमीन. यंदा पेरली नाही, एवढंच."

यावर बोलायला जागा नव्हती. आमच्या सॉफ्टवेअरच्या चित्रात रिकामे खण मी करड्या रंगात दाखवत होते, म्हणजे बंद पडलेल्या भागांचाच रंग. सोमवारी गेल्या गेल्या तो बदलून फिकट हिरवा केला. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

रिकाम्या खणावर खरं तर पत्र्याची पट्टी लावायची असते. नाहीतर पंख्यांनी ओढलेली हवा तिथूनच पळ काढते आणि शेजारची कार्डं तापत बसतात. आमच्या एका चेसिसवरची पट्टी कधीतरी हरवली असावी, कारण तिथे पेढ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा मापात कापून, चिकटपट्टीनं बसवलेला सापडला. काम सुबक होतं. याची नोंद कुठल्या प्रकारात करायची, यावर मी आणि रात्रपाळीचा मुलगा बराच वेळ बोललो. शेवटी 'इतर' ठरलं. अज्ञात म्हणता येईना, पुठ्ठ्यावर मिठाईवाल्याचं नाव होतं.

मॉडेलमध्ये जे नसतं ते असं कुणीतरी हातानं करून ठेवतं. १९९० च्या इंटरॉप प्रदर्शनात जॉन रॉमकी यांनी चक्क एक टोस्टर नेटवर्कला जोडून दाखवला होता, तोही याच एसएनएमपीनं चालणारा. चालू करणं दुरून, पण पाव मात्र माणसानं हातानं ठेवायचा. पुढच्या वर्षी पाव उचलून टाकायला छोटी क्रेन आली. मला क्रेनपेक्षा आदल्या वर्षीचा पाव ठेवणारा माणूस जास्त ओळखीचा वाटतो.

सेन्सरचंही सांगायला हवं, पण थोडक्यात, कारण तीही चूक माझीच. सेन्सर आकडा देतो आणि दशांशचिन्ह कुठे द्यायचं ते दुसऱ्या रकान्यात सांगतो. मी पहिलाच रकाना वाचला. रात्रभर आमच्या पडद्यावर एका स्विचचं तापमान ४१२ अंश सेल्सिअस होतं. शिसं ३२७ ला वितळतं. आमचे साहेब मेकॅनिकलचे, त्यांना हे पाठ, त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "स्विच अजून घन अवस्थेत आहे ना?" तापमान ४१.२ होतं.

त्या रविवारी मी निघताना बाबा दारापर्यंत आले. "ते शून्याचं राहिलं," म्हणाले. "चेसिस शून्यात म्हणालीस. मग ते यंत्र आहे कुठं?"

हे यंत्राला खरंच कळत नाही. आपण कुठल्या रॅकमध्ये, कुठल्या खोलीत, कुठल्या गावात आहोत याची त्याला वार्ता नसते. त्यासाठी सिसलोकेशन नावाची एक ओळ आहे, ती माणसानं भरायची. १९९१ च्या मानकात तिचं उदाहरणही दिलंय: टेलिफोनची कोठडी, तिसरा मजला. २५५ अक्षरांपर्यंत काय हवं ते लिहा, तपासायला कुणी येत नाही. त्यामुळे आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी हलवलेला एक स्विच अजून स्वतःला 'जिन्याखाली' समजतो, एक नुसतं 'इथेच' म्हणतो आणि एकाच्या ओळीत 'टेम्पररी' असं आहे, २०१६ पासून.

बाबांना उत्तर काय देणार? पुढचा आठवडाभर बसून मी या ओळी एकेक करून सुधारल्या. आमची एक शाखा जुन्या वाड्यात आहे. तिथला स्विच पोटमाळ्यावर, लाकडी फळीवर ठेवलेला, शिडीशिवाय हात पोचत नाही. सिसलोकेशनला देवनागरी चालत नाही, साधी रोमन अक्षरंच लागतात. मग रोमनमध्येच 'पोटमाळा' असं टाइप केलं आणि एवढ्या साऱ्या शब्दांतून हाच लिहायला मिळाला म्हणून खुशीत सेव्ह केलं.

दोन महिन्यांनी नेमका त्याच स्विचचा पॉवर सप्लाय गेला. म्हणजे आधी त्याच्या पोटातला पंखा गेला. या वेळी माझ्या आठ-दहा ओळींनी चोख काम केलं. पंख्यापासून वर चढल्या, योग्य जागी थांबल्या, पॉवर सप्लायचं नाव आणि सिरियल नंबर घेऊन तिकीट आपलं आपण दिल्लीला गेलं, जिथून सुटे भाग रवाना होतात. रात्री कुणाला जिना चढावा लागला नाही. तासाभरात तिकडून उत्तर आलं: पार्ट तयार आहे, पोटमाला गावाचा तालुका, जिल्हा आणि पिनकोड कळवावा.