तुम्ही विचारलंत म्हणून: पगाराच्या जोडीला स्टायपेंड

रिटर्न भरायचे दिवस आले की आमच्या सदाशिव पेठेतल्या ऑफिसात हा प्रश्न हमखास येतो. "मॅडम, पगार आहेच, वर थोडा स्टायपेंड मिळतो. स्टायपेंडवर कुठे टॅक्स असतो?"

असतो हो. सूट आहे ती शिष्यवृत्तीला, म्हणजे शिक्षणाचा खर्च भागावा म्हणून मिळालेल्या पैशाला. तुम्ही शनिवार-रविवारी मुलांना शिकवता, त्यांचे प्रोजेक्ट तपासता आणि त्याचे पैसे घेता, तर पत्रावर स्टायपेंड लिहा नाहीतर मानधन, ते उत्पन्नच.

यावर पुढचं वाक्य ठरलेलं: "पण त्यांनी टीडीएस कापलाय की!" कापलाय, १० टक्के; टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्याने देतानाच कापून सरकारकडे भरलेला टॅक्स. खरा हिशेब मात्र सगळं उत्पन्न एकत्र करून, तुमच्या स्लॅबप्रमाणे, म्हणजे उत्पन्नाच्या टप्प्याच्या दराने होतो.

समजा वाकडचा एक इंजिनिअर आहे. पगार साडेबारा लाख, वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली. स्टँडर्ड डिडक्शनचे ७५,००० वजा केले की ११,७५,००० उरतात. बारा लाखांच्या आत, म्हणून रिबेट, म्हणजे टॅक्समध्ये माफी, मिळून टॅक्स शून्य. आता एका संस्थेकडून महिना ५,००० स्टायपेंड, वर्षाचे ६०,०००. बेरीज १२,३५,०००. रिबेट गेला! स्लॅबने टॅक्स ६५,२५० होतो. नशीब, मार्जिनल रिलीफ आहे, त्यामुळे बारा लाखांवर जेवढं उत्पन्न तेवढाच टॅक्स, म्हणजे ३५,०००. त्यावर ४ टक्के सेस १,४००. एकूण ३६,४००. संस्थेने कापलेले ६,००० वजा जाता ३०,४०० खिशातून भरायचे. साठ हजारांतले हातात राहिले २३,६००. हा आकडा कॅल्क्युलेटरवर दाखवला की समोरचा माणूस कॅल्क्युलेटर स्वतःकडे ओढून पुन्हा मोजतो.

पगार याहून बराच जास्त असेल तर असा दणका बसत नाही, स्लॅबचा फरक तेवढा भरावा लागतो.

सोपा मार्ग म्हणजे कंपनीच्या पेरोलला हे उत्पन्न कळवायचं, ते पगारातूनच जास्तीचा टीडीएस कापतात. पण इथे लोक चुळबुळ करतात, कारण बाहेरचं काम कंपनीला सांगितलेलंच नसतं. माझं मत विचाराल तर अपॉइंटमेंट लेटर आधी वाचा आणि परवानगी काढून मोकळे व्हा. लपवून तसाही उपयोग नाही, पॅनवर टीडीएस कापला की ती रक्कम तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, दिसतेच.

कंपनीला कळवायचं नसेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा टॅक्स, स्वतः भरा. टीडीएस वजा जाता वर्षाचा टॅक्स १०,००० किंवा जास्त निघत असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखा पाळाव्या लागतात. चुकलात की महिन्याला १ टक्का व्याज.

संस्थेने स्टायपेंड पगार म्हणून दाखवला आणि दोन्हीकडून फॉर्म १६ (पगार आणि त्यावर कापलेल्या टीडीएसचा दाखला) आला असेल तर जरा जपून. दोघांनीही आपापल्या हिशेबात ७५,००० वजा केलेले असतात, तुम्हाला मिळतात ते एकदाच. आणि स्टायपेंड व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवायचा असेल तर आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म चालत नाही. म्हणून येताना नुसता फॉर्म १६ आणू नका, एआयएसही डाउनलोड करून आणा.