आधी हेल्मेट, मग दुपट्टा

मुलांना शिकवणीला सोडायला येणारे पालक दरवर्षी मला एक प्रश्न हमखास विचारतात : ‘सर, पद बरोबरच्या चिन्हापलीकडे गेले की अधिकचे उणे का होते?’ मी त्यांना सांगतो, पद कुठेही जात नाही. समीकरणाच्या दोन्ही बाजू समान असतात, म्हणून दोन्हींतून एकच संख्या वजा केली तरी त्या समानच राहतात. समजा, एका बाजूला अधिक ३२ आहेत; दोन्हींतून ३२ वजा केले की ते त्या वजाबाकीत संपतात आणि दुसऱ्या बाजूला उणे ३२ लिहावे लागते, एवढेच घडते. बाजूला ‘पक्ष’ म्हणण्याची रीत भास्कराचार्यांच्या काळीही होती. पण पद पलीकडे नेण्याला ‘पक्षांतर’ म्हटले की रंग बदलायला कारण लागत नाही, अशी मुलांची समजूत होते, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही.

खरे तर मुले चिन्हापेक्षा क्रमावर अडतात. फॅरनहाइट आणि सेल्सिअस यांना जोडणारे फ = ९स/५ + ३२ हे सूत्र देऊन मी स काढायला सांगतो, तेव्हा बरीच मुले स = ५फ/९ − ३२ असे लिहितात. मी ते खोडत नाही. नागपुरातल्या मे महिन्याचे ११३ अंश फॅरनहाइट त्यात घालायला सांगतो. उत्तर सुमारे ३०.८ येते आणि कूलरसमोर दाटीवाटीने बसलेला वर्ग हसू लागतो, कारण बाहेर ४५ अंश आहेत हे त्यांच्या घामेजलेल्या पाठींना ठाऊक असते.

मग मी विचारतो, उन्हात निघताना डोक्याला काय बांधले? आधी दुपट्टा, त्यावर हेल्मेट. घरी पोचल्यावर आधी हेल्मेटच काढावे लागते. स ला आधी ९/५ ने गुणले आणि मग ३२ मिळवले, म्हणून सोडवताना आधी ३२ काढायचे आणि नंतर ५/९ ने गुणायचे : स = ५(फ − ३२)/९. भास्कराचार्यांच्या सन ११५० च्या ‘लीलावती’त हाच विलोमविधी आहे, उत्तरापासून मागे येताना गुणाकाराच्या जागी भागाकार, वर्गाच्या जागी मूळ, धनाच्या जागी ऋण.

अज्ञात दोन ठिकाणी असेल, तर मात्र नुसते उलटे चालून भागत नाही. सरळव्याजाची रास, म्हणजे व्याजासह एकूण रक्कम, र = म + मदक/१०० (म मुद्दल, द दर, क मुदतीची वर्षे) यातून मुद्दल काढताना आधी म सामाईक घ्यावा लागतो, तेव्हा कुठे म = १००र/(१०० + दक) मिळते. येथे ताळा करायला ऊन नसते. म्हणून रास १४,०००, दर ८ आणि मुदत ५ वर्षे घालून मुद्दल १०,००० आल्याशिवाय मी कोणालाही वही मिटू देत नाही.