ओठ पुढं, आवाज मागं: चोर घरातच निघाला

सापडला. आत्याच्या रेसिपीच्या व्हिडिओत तीन आठवडे छळणारा लिपसिंकचा (ओठ आणि आवाज न जुळण्याचा) घोळ काल रात्री पावणेबाराला सुटला, आणि गुन्हेगार मीच निघालो.

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की आत्याच्या स्वयंपाकघरातला गुणगुणाट संपला. जुन्या ट्यूबचा चोक १०० हर्ट्झवर घुमत होता (आपली वीज ५० ची, चोकचा पत्रा तिच्या दुप्पट थरथरतो). ट्यूब बंद केली, खिडकीच्या उजेडावर शूट केलं, आवाज स्वच्छ. तो तोरा आता परत घेतो.

त्याच संध्याकाळी तांबड्या रश्श्याचा ३१ मिनिटांचा सलग शॉट घेतला. कॉलर माइक पदराआड, रेकॉर्डर कमरेला, चित्र फोनवर. चित्र आणि आवाज जुळवायला सुरुवातीला टाळी मारतो, ती जुळवली. कांदा-खोबरं भाजेपर्यंत सगळं झकास. मटण शिजायला लागलं तशी आत्याच्या ओठांनी शब्दांची साथ सोडली. शेवटी पळी पातेल्यावर आपटली होती, तिथं फरक मोजला: ६२० मिलिसेकंद, म्हणजे १८-१९ फ्रेम (सेकंदाला ३० चित्रं, त्यातलं एकेक म्हणजे फ्रेम). आत्या ‘मीठ’ म्हणते तोवर मीठ रश्श्यात पडलेलं असतं.

पहिला संशय नेहमीचा, आवाजाचे नमुने घेण्याच्या वेगाची, ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झची अदलाबदल. पण ती चूक असती तर पहिल्याच मिनिटात पाचेक सेकंदांची दरी पडली असती आणि आत्याचा आवाजही बदलला असता. ते नाही. मग वाटलं, दोन यंत्रांची दोन घड्याळं, थोडी मागंपुढं होणारच. म्हणून आवाज ०.०३३ टक्के आवळला. शेवटची पळी बरोबर बसली! चहा करून आलो, मधला भाग लावला, तर १२ व्या मिनिटाला ७ फ्रेमचा घोळ, तोही उलट्या बाजूला. आधी तिथवर सगळं बरोबर होतं, ते मीच बिघडवलं. खरं तर गणित आधी करायला हवं होतं. रेकॉर्डरच्या क्रिस्टलची (त्याचं घड्याळ चालवणाऱ्या स्फटिकाची) चूक दहा लाखांत ५० भाग धरली तरी ३१ मिनिटांत ९३ मिलिसेकंद होतात. ६२० कुठून आणायचे?

यात दोन आठवडे गेले. केबल बदलली, कार्ड बदललं, रेकॉर्डरला शिव्या घातल्या. बिचारा निर्दोष होता.

काल सहज फोनचा स्वतःचा आवाज ऐकला. व्हीएलसी प्लेयरमध्ये ओठ अगदी जुळलेले. तीच फाईल एडिटरमध्ये टाकली (नाव घेत नाही, फुकटचा आहे) तर फोनचाच आवाज फोनच्याच चित्राला सोडून चाललेला. रेकॉर्डरचा संबंधच नाही! फाईलची कुंडली सांगणारं मीडियाइन्फो उघडलं, तिथं फ्रेम रेट ‘व्हेरिएबल’, म्हणजे कमीजास्त होणारा. उजेड कमी झाला की फोन एकेक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो आणि ३० च्या हिशेबातल्या काही गळतात. एडिटर मात्र सगळ्या सारख्या अंतरावर आहेत असं धरून चालतो. त्यामुळं चित्र आखडतं आणि पुढं पळतं. आणि १२ व्या मिनिटाला काय झालं होतं? खिडकीतला उजेड उतरला होता. ट्यूब कुणी बंद केली होती? मी.

हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ (कायम सारखा) निवडून फाईल नव्यानं काढली. माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपनं त्याला रात्रीच्या जेवणाएवढा वेळ घेतला. आता ३१ मिनिटांच्या शेवटी फक्त २ फ्रेमचा फरक उरला, तो खरा घड्याळांचा. आत्या चव घ्यायला थांबते तिथं आवाज कापून सरकवला, कुणाला पत्ता लागणार नाही. ज्या कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीनं १९३२ साली पहिला मराठी बोलपट उभा केला, त्याच गावात मला शेवटीही टाळी मारायची असते हे कळायला वर्ष लागलं. ती पळी नसती तर मी अजून केबलच बदलत बसलो असतो. यापुढं दर दहा मिनिटांनी पळी. आत्याला सांगितलं तर म्हणाली, “आरं, रस्सा करू का भजनाला बसू?”

बाकी थोडक्यात. आजीची वाकळ कपड्यांच्या दोरीवर, कॅमेऱ्याच्या मागं टांगली. फरशी आणि ग्रॅनाइटच्या ओट्यामुळं टाळी वाजवली की टर्रर्र असा जो प्रतिध्वनी यायचा, तो निम्म्याहून कमी झाला. फोमच्या पट्ट्यांचे भाव विचारून आलो होतो, गरज नाही. वाकळ जड असते, तेच तिचं बळ. माइक हनुवटीखाली एक वीत, सर्जिकल टेपनं चिकटवलेला, त्यामुळं पदराची खसखस बंद. दोन विती खाली नेला तर आवाज ६ डेसिबल पडतो आणि खोली ऐकू यायला लागते, करून बघा. बांगड्यांवर उपाय नाही, आत्या काढणार नाही आणि मीही सांगणार नाही. तो स्वस्तातला वायरलेस माइक मात्र कपाटात गेला. त्याचं नॉइज कॅन्सल (आजूबाजूचा गोंगाट गाळायची सोय) आत्याच्या शब्दांची शेपटं खातं आणि रश्श्याची उकळीही. उकळी ऐकू येणार नसेल तर व्हिडिओ कशाला करायचा?

पुढचा बेत पांढऱ्या रश्श्याचा. सकाळी दहाला शूट करायचं ठरवलं होतं, उजेड भरपूर. पण दहाला भाजीवाल्याचा भोंगा असतो. मग बॅटरीवरचा एलईडी दिवा मागवायचा, फोनचं एक्सपोजर लॉक करायचं (म्हणजे उजेडाप्रमाणे तो आपणहून बदल करणार नाही) आणि शटर १/५० सेकंदावर ठेवायचं, असं इथवर लिहीत आणलं.

आणि लिहिता लिहिता डोक्यात आलं: घुमत चोक होता, तर ट्यूबच काढून एलईडी पट्टी का लावू नये? उजेड राहील, फ्रेम गळणार नाहीत. पट्टीचा ड्रायव्हर (तिला वीज पुरवणारा भाग) शिट्टी मारतो का, ते माइक लावून आधी तपासायचं, एवढंच. लगेच आत्याला फोन केला.

“मी दिवाळीपासनं म्हणतोय की, ती ट्यूब बदल म्हणून,” आत्या म्हणाली. “तुझ्या कानात ते बोंडूक असतंय सारखं, ऐकू कुठनं यायचं?”