लाँचचं इंजिन, गिअरबॉक्स आणि पावसाळ्याआधीचं तेलपाणी : माझा अनुभव

पानशेतच्या जलाशयावर आमची एक जुनी फायबरची लाँच आहे. आत डिझेल इंजिन, त्याला जोडलेला गिअरबॉक्स, तिथून तळातून बाहेर जाणारा शाफ्ट आणि टोकाला पंखा. मे संपत आला की तिचं सगळं तेलपाणी करायचं आणि पावसाळाभर ती बांधून ठेवायची, हे काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. पुण्यात गाडीचा मेकॅनिक गल्लोगल्ली मिळतो, पण बोटीचा गिअरबॉक्स हाताळलेला माणूस शोधावा लागतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मला हे शिकवलं खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्समधून निवृत्त झालेल्या आमच्या शेजारच्या काकांनी. त्यांचा पहिला नियम असा, की ऑइल बोट बांधायच्या आधी बदलायचं, पावसाळा संपल्यावर नाही. डिझेल जळताना तयार होणारी आम्लं आणि काजळी वापरलेल्या तेलात उतरते. त्यात पावसाळी दमटपणा मिसळला की तेच तेल चार महिने बेअरिंगांवर बसून राहतं. नवं तेल घालून इंजिन थोडा वेळ चालवलं की सगळीकडे स्वच्छ थर बसतो, मग खुशाल बांधून ठेवा.

गाडीसारखं खाली झोपून नट सोडला आणि तेल भांड्यात घेतलं, असं इथे होत नाही. संप, म्हणजे इंजिनखालची तेलाची टाकी, आणि बोटीचा तळ यांच्यात हात जाईल एवढीही जागा नसते. इंजिन चांगलं गरम होईपर्यंत चालवायचं, बंद करायचं, आणि डिपस्टिकच्या, म्हणजे तेलाची पातळी बघायच्या पट्टीच्या नळीतून बारीक पाइप घालून हातपंपाने तेल ओढून घ्यायचं. गार तेल घट्ट असतं, ते नीट ओढलं जात नाही आणि गाळ तळाशीच राहतो. फिल्टर काढताना खाली जाड प्लॅस्टिकची पिशवी धरतो. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने तेल लावायचं आणि तो हातानेच आवळायचा, पान्हा लावायचा नाही.

डिपस्टिकबद्दल एक गोष्ट फार कमी जण सांगतात. शाफ्ट मागे तिरका उतरत असल्यामुळे बोटीत इंजिनही मागे कललेलं बसवतात. सपाट जागेसाठी आखलेली डिपस्टिक मग खरी पातळी दाखवत नाही. काकांनी तेल पूर्ण काढून, पुस्तकात दिलेलं माप मोजून ओतायला लावलं, सगळं तेल खाली उतरू दिलं, आणि डिपस्टिकवर तेल जिथे आलं तिथे कानसीने बारीक खूण केली. आता ती खूणच खरी.

पण सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते गिअरबॉक्सकडे. इंजिन आवाज करतं, धूर सोडतं, तक्रार कानावर येते. गिअरबॉक्स गप्प राहतो आणि एक दिवस बोट पुढे जायचीच थांबते. त्याचं तेल वेगळं असतं. काही गिअरबॉक्सला लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल लागतं, काहींना साधं इंजिन ऑइल. प्लेटवरचा नंबर पाहून पुस्तकात जे लिहिलंय तेच घालायचं, दोन्ही कधीही मिसळायची नाहीत. काही गिअरबॉक्सची डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी बघायची असते, काहींची फिरवून. हेही पुस्तकातच पाहावं लागतं.

काढलेलं तेल मी पांढऱ्या वाटीत घेऊन उन्हात बघतो. गेल्या वेळी आमच्या वाटीत लालऐवजी गुलाबीसर, ताकासारखं तेल आलं. काकांनी त्यात हाताचं बोट बुडवून ते दोन बोटांत चोळलं आणि म्हणाले, "पाणी शिरलंय रे. ऑइल कूलर काढ." गिअरबॉक्सचं तेल थंड करायला पाण्याचा कूलर असतो. त्याची आतली नळी झिजली की पाणी तेलात जातं. तसंच निघालं. कूलर बदलला, तेल घालून थोडं चालवून काढलं, आणि गुलाबी छटा पूर्ण जाईपर्यंत तेच करत राहिलो. करपट वास आणि तपकिरी रंग आला असता तर क्लच घसरतोय असं समजायचं. गिअरबॉक्सच्या आतल्या चुंबकाला करडी बारीक पेस्ट लागली तर चालतं, चकचकीत कपचे दिसले तर गिअरबॉक्स उघडावाच लागतो.

क्लच घसरायचं एक साधं कारण म्हणजे गिअरची केबल. लिव्हर पुढे टाकल्यावर गिअरबॉक्सवरचा दांडा शेवटपर्यंत गेला पाहिजे. केबल ढिली असेल तर तो अर्ध्यातच थांबतो, क्लच अर्धवट पकडतो आणि जळतो. म्हणून एक जण वर लिव्हर टाकतो, मी खाली वाकून दांडा बघतो. केबलच्या टोकांना ग्रीस त्याच वेळी देऊन टाकतो.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, दर वर्षी बदलतो. बसवताना त्याला ग्लिसरीन लावायचं, ग्रीस नाही, कारण पेट्रोलियमच्या ग्रीसने रबर फुगतं. जुन्याची पाती मोजायची. एखादं कमी असेल तर ते पुढे हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे इंजिनची उष्णता पाण्याला देणाऱ्या नळ्यांच्या डब्यात, अडकलेलं असतं, शोधून काढल्याशिवाय पुढे जायचं नाही. बेल्ट, होज क्लॅम्प, फिल्टर असं किरकोळ सामान नाना पेठेत मिळून जातं.

शाफ्ट बाहेर जातो तिथली ग्लँड डोरी, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून शाफ्टभोवती दाबून बसवलेली दोरी, पूर्ण कोरडी नको. शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पडले पाहिजेत, तेच तिचं वंगण. नट जास्त आवळला की डोरी तापते आणि शाफ्टवर चर पडतात.

आता ज्या गोष्टीबद्दल मी सगळ्यांशी भांडतो ती. पानशेतचं पाणी आंबी नदीतून खडकवासल्यात येतं आणि तिथून पुण्याच्या नळाला. बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप ऑटोमॅटिक असेल, तर तळात सांडलेलं तेलही तो तसंच जलाशयात सोडतो. काम सुरू करण्यापूर्वी मी त्याची वायर काढतो. इंजिनखाली ट्रे, ट्रेखाली तेल शोषणारे पॅड, आणि तळ पुसून कोरडा झाल्यावरच वायर परत जोडतो. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. झाकण घट्ट लावलेल्या कॅनमधून ते पुण्यात आणतो आणि परवाना असलेल्या रिसायकलरकडे देतो. किनाऱ्यावर खड्डा करून ओतणारे मी पाहिलेत, आणि तिथेच त्यांना थांबवलंय.

पावसाळा संपून लाँच परत सुरू करताना एकच तपासणी उरते, गिअरबॉक्स आणि शाफ्टची सरळ रेष. ती बोट पाण्यात असतानाच करायची, कारण जमिनीवर टेकवलेली बोट थोडी वेगळ्या आकारात बसते. गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट सोडून त्याच्या दोन फ्लँजमधल्या (समोरासमोरच्या चकत्यांमधल्या) फटीत चारी बाजूंनी फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालायचा. आमची फ्लँज चार इंची, म्हणजे इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) या हिशेबाने फटींतला फरक चार थाऊच्या, साधारण ०.१ मिलिमीटरच्या आत हवा. या वेळी खालच्या बाजूला फट जास्त निघाली, इंजिन ज्यावर बसतं त्या मागच्या रबरी माउंटचे नट थोडे फिरवून ती बसवली. एका माउंटचं रबर चिरलेलं दिसलं; ते मागवलंय, आलं की रेष परत तपासणार.