डीपीवर हरकत द्या, आत्ताच

आमच्या नगरपरिषदेचा डीपी म्हणजे विकास आराखडा प्रसिद्ध झालाय आणि अर्ध्या गावाला पत्ताच नाही. पुढच्या २० वर्षांत कुठे रस्ता, कुठे बिल्डिंगा, कुठे बाग हे सगळं त्यात ठरतं, आणि १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे हरकती-सूचना द्यायला मिळतात ३० दिवस, ते पण नेमके ऐन लावणीत. नकाशा बघायला गेलो तर जो तो आपला सर्व्हे नंबर शोधतोय, आपल्या आंबा-काजूच्या कलमांवरनं रस्ता जात नाही ना, मग झालं, निघाला घरी. पण खाडीकडचं खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं ती सखल जमीन, बघा की, तिथे पिवळा रंग, म्हणजे रहिवासी झोन! उधाणाला आणि पावसात पाणी तिथेच पसरतं, भराव टाकलात की ते थेट बाजारपेठेत शिरणार. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये काय झालं ते बघितलंय ना सगळ्यांनी?

हरकत लेखीच द्या, सर्व्हे नंबर आणि कारण नीट लिहा, पोच घ्या, आणि सुनावणीला जा म्हणजे जाच, तिथे समितीसमोर स्वतः बोलता येतं. कोळीवाड्यातल्यांना पण सांगा, होड्या ओढायची आणि जाळी सुकवायची जागा नकाशात कुठेच दाखवलेली नाही, ती आधी मागायला हवी.