मोटरहोमचा टीपीएमएस निवडताना: सगळा घोळ आतल्या टायरचा

अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये उन्हाळा लागला की हायवेच्या कडेला टायरच्या फाटलेल्या पट्ट्या दिसायला लागतात. ट्रकच्या, ट्रेलरच्या, मोटरहोमच्या. कार चालवताना आपण त्या चुकवतो आणि विसरून जातो. स्वतःचं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, दारात उभं राहिलं की मात्र प्रत्येक पट्टीकडे मान वळते.

आमचं मोटरहोम वापरलेलं, क्लास सी म्हणजे मधल्या आकाराचं, फोर्डच्या ई-४५० चासीवर बांधलेलं. पुढे दोन टायर, मागे दोन्ही बाजूंना जोडटायर (एकाला खेटून दुसरा, एक आतला आणि एक बाहेरचा), असे सहा. हवा बघणं, टाक्या रिकाम्या करणं, गॅस भरणं ही कामं आमच्याकडे माझ्याकडे आहेत, नवरा चालवतो. त्यामुळे पहिला प्रश्नही मलाच पडला: साध्या कारमध्ये टायरची हवा कमी झाली की टीपीएमएसचा, म्हणजे हवेवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागतो, मग एवढ्या मोठ्या गाडीत तो का नाही?

उत्तर कायद्यात निघालं. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरचे फायरस्टोन टायर फाटून अपघात झाल्याचं प्रकरण गाजल्यावर २००० साली अमेरिकेत ट्रेड (TREAD) ॲक्ट हा कायदा आला आणि त्यातून पुढे, टप्प्याटप्प्याने, सप्टेंबर २००७ पासून सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना टीपीएमएस सक्तीचा झाला. पण तो नियम १०,००० पौंडांपर्यंतच्या गाड्यांना आहे, आणि त्यातूनही जोडचाकांच्या गाड्या वगळल्या आहेत. आमची गाडी पूर्ण भरली की १४,५०० पौंडांची. म्हणजे आम्ही दोन्ही बाजूंनी नियमाबाहेर. शिवाय त्या नियमाचा दिवा ठरलेल्या हवेपेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर लागला तरी चालतो. कारचे ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) २४ वर येणं वेगळं आणि आमचे ८० चे ६० होणं वेगळं. ६० ला कळून काय उपयोग? तोवर टायर आतून शिजलेला असतो.

शिजतो कसा, हे आकड्यांत बघितल्यावर मला खरी काळजी लागली. आमचा टायर एलटी२२५/७५आर१६ मापाचा, लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) ई. जोडीत बसवलेला असताना ८० पीएसआयला एक टायर २,४७० पौंड पेलतो. चार मिळून ९,८८०. मागच्या ॲक्सलची मर्यादा ९,६०० पौंड. हातात उरले फक्त २८०. एका टायरची हवा गेली की शेजारच्याला त्याचाही भार उचलावा लागतो आणि तो मुकाट्याने उचलतो. गाडी कलत नाही, ओढत नाही, चालवणाऱ्याला काही जाणवत नाही. आरशात बाहेरचा टायर दिसतो, तोही ठणठणीत. आतला गेलेला आहे हे कळेपर्यंत बाहेरचाही तापून निकामी होतो.

आपल्याकडे ट्रक धाब्यावर थांबला की ड्रायव्हर किंवा क्लीनर टॉमी घेऊन टायरवर ठोकत फिरतो आणि आवाजावरून हवा ओळखतो. इथले ट्रकवालेही तेच करतात. मीही रबरी हातोडा घेऊन ठोकून पाहिलं. साफ बसलेला टायर कळतो, नाही असं नाही. पण ८० आणि ६५ मधला फरक माझ्या कानाला तरी कळला नाही. आणि धावत्या गाडीत ठोकणार कोण?

बाजारात मोटरहोमसाठी म्हणून जी नावं पुन्हा पुन्हा ऐकू येतात ती टीएसटी, टायरमाइंडर, ईईझेड टायर. स्वस्तातले, नावं लक्षात न राहणारे संच वेगळेच. सगळ्यांचं तत्त्व एक: प्रत्येक व्हॉल्व्हवर सेन्सर, समोर काचेजवळ स्क्रीन, मध्ये रेडिओ लहर. मी सुरुवातीला सगळ्यांसारखीच स्क्रीन, रंग, सोलरवर चालतो का, हे बघत होते. मग टायरच्या दुकानात गेले. तिथला म्हातारा कारागीर माझी यादी ऐकून घेऊन म्हणाला, "ते राहू द्या. मागच्या आतल्या टायरचा व्हॉल्व्ह कसला आहे ते आधी सांगा."

घरी येऊन गाडीखाली डोकं घातलं. मागच्या चाकांवर व्हील सिम्युलेटर म्हणतात ती चकचकीत स्टीलची झाकणं होती, आणि आतल्या टायरच्या व्हॉल्व्हपासून वेणीदार तारेचं आवरण असलेली लवचीक नळी बाहेर आणून झाकणाला क्लिपने अडकवली होती. हवा भरायला सोय छान. भांडी घासायच्या साबणाचं पाणी करून मी दोन्ही टोकांना लावलं. मिनिटभर काहीच नाही. मग व्हॉल्व्हकडच्या आट्याशी एक बुडबुडा आला, टाचणीच्या डोक्याएवढा. फुगला, फुटला, त्याच जागी दुसरा आला.

आता अशा नळीच्या टोकाला सेन्सर लावायचा म्हणजे आतला व्हॉल्व्ह कायमचा उघडा ठेवायचा. कारण सेन्सरला हवा पोहोचली पाहिजे. नळीचे दोन सांधे, क्लिप, चाकाचं फिरणं आणि वर सेन्सरचं वजन. ज्या गळतीची खबर मिळावी म्हणून पैसे खर्चायचे, तीच आपण ओढवून घ्यायची. साध्या रबरी व्हॉल्व्हवरही जड सेन्सर लावू नयेत. वेगात चाक फिरताना तो बाहेरच्या बाजूला ओढला जातो आणि रबर मुळाशी चिरतं.

म्हणून आधी खर्च व्हॉल्व्हवर केला. सहाही टायर उतरवून एकसंध धातूचे व्हॉल्व्ह बसवून घेतले. आतल्या टायरचा लांब दांडा बाहेरच्या चाकाच्या भोकातून सरळ बाहेर येतो, सांधा कुठेच नाही. टायर उतरलेच होते तर त्यांच्या बाजूवर उमटवलेला डीओटी क्रमांकही वाचून घेतला. शेवटचे चार आकडे म्हणजे कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी टायर बनला ते. दोन टायरांची नक्षी नव्यासारखी होती आणि वय मात्र निवृत्तीचं. ते बदलले. नवरा म्हणाला, "अगं, हजार डॉलर गेले आणि अजून तुझा मॉनिटर आलाच नाही." बरोबर होतं त्याचं. चाकं काढली की शंभर मैलांच्या आत नट पुन्हा आवळून घ्यायचे असतात. ई-४५० ला १४० फूट-पाउंड इतक्या जोराने. ते काम त्याला दिलं, म्हणजे तो गप्प बसला.

मग सेन्सर. दोन जाती आहेत. टोपीसारखा सेन्सर हलका असतो, पण हवा भरताना प्रत्येक वेळी काढावा लागतो. फ्लो-थ्रू जातीचा न काढता त्यातूनच हवा भरता येते, पण तो जड, आणि धातूच्या व्हॉल्व्हशिवाय लावूच नये. आता आमचे व्हॉल्व्ह धातूचे होते, तरी मी टोपीवालेच घेतले. आतला दांडा लांब आहे, त्याच्या टोकाला जितकं कमी वजन तितकं बरं. महिन्यातून एकदा टोपी काढायचा मला कंटाळा नाही. आणखी एक अट ठेवली: बॅटरी आपल्याला बदलता आली पाहिजे. काही सेन्सर सीलबंद येतात. आतला बटन सेल संपला की सेन्सर टाकून द्यायचा.

पहिला संच आला तो परत गेला. दारात उभ्या गाडीत सगळे सहा आकडे सुरेख दिसत. रस्त्याला लागलो की मागचा उजवा आतला टायर स्क्रीनवरून गायब, आणि गजर. ओरडणं बंद करावं, दहा मैलांवर पुन्हा तेच. "अगं, बंद कर ते," असं नवऱ्याने तिसऱ्यांदा म्हटल्यावर मला कळलं की हा संच ठेवला तर एक दिवस खरी हवा गेल्यावरही आम्ही तो बंदच करणार आहोत.

दुसऱ्या संचाबरोबर रिपीटर होता. मधल्या अंतरात लहर पकडून पुढे ढकलणारी छोटी डबी, १२ व्होल्टवर चालणारी. ती गाडीच्या मागच्या भागात, जोडटायरांजवळच्या कप्प्यात बसवली. तरी एक टायर अधूनमधून हरवायचा. शेवटी कारण सापडलं ते स्क्रीनच्या शेजारीच खोचलेल्या फोनच्या स्वस्त चार्जरमध्ये. तो काढला, प्रश्न मिटला. डॅशकॅम आणि इन्व्हर्टरही असाच गोंधळ घालू शकतात, म्हणून तपासताना सगळी उपकरणं चालू ठेवूनच गाडी फिरवावी. आणि एक परीक्षा घरीच घ्यावी: इंजिन चालू, एकाने समोर बसायचं, दुसऱ्याने मागे जाऊन आतल्या टायरचा सेन्सर काढायचा. लगेच ओरडला तर ठेवा.

गजर कितीवर लावायचा हे ट्रकस्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर भरलेली गाडी वजन करून ठरवलं. मागे ८० शिवाय पर्याय नव्हताच. खालचा गजर ७२, वरचा १००. वरचा जवळ लावला तर जूनच्या दुपारी ९२-९३ होणं अगदी स्वाभाविक आहे आणि उगाच ठणाणा होतो. तापमानाच्या आकड्याकडे मी फारसं बघत नाही. बाहेर लावलेला सेन्सर टायरपेक्षा वाऱ्याचंच तापमान जास्त सांगतो.

ऑक्टोबरमध्ये आय-१७ महामार्गाने फ्लॅगस्टाफला गेलो. फिनिक्स समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे फुटांवर, फ्लॅगस्टाफ जवळजवळ सात हजारांवर. निघताना ८५ अंश फॅरेनहाइट होतं, दुसऱ्या दिवशी पहाटे तिथे ३५. स्क्रीनवर मागचे चारही टायर ७४. हवा कुठे गेली नव्हती. ८० च्या टायरमध्ये दर १० अंशांना पावणेदोन पीएसआय घटतात, त्यातले थोडे उंचीमुळे परत मिळतात, आणि हिशोब बरोबर ७४ वर येतो. चारही एकसारखे उतरले तर थंडी. एकटाच उतरला तर पंक्चर. त्या थंडीत ८० पर्यंत भरून घेतलं, आणि फिनिक्सला परतल्यावर तेवढीच हवा सोडली.

संचात एक सेन्सर जादा आला होता, तो स्टेपनीला लावला. तिची आठवण नाहीतर ती लागेल तेव्हाच होते. बटन सेल दिवाळीच्या सुमारास सगळे एकदम बदलते. प्रत्येक सेन्सरवर पेंट मार्करने क्रमांक घातलाय, कारण टायरची अदलाबदल केली की टोप्या जुन्या जागीच परत जायला हव्यात, नाहीतर गजर होतो डाव्याचा आणि आपण साबणाचं पाणी घेऊन बसतो उजव्यापाशी.