पणजीची महालक्ष्मी: गर्दीतून दर्शन

दादा वैद्य रस्त्यावर आधी हॉर्न ऐकू येतात, मग घंटा. पोर्तुगीज अमदानीत, १८१८ साली, पणजीत हिंदू पूजेला परवानगी मिळाली ती या देवळाला. गाडी देवळापर्यंत नेण्याचा हट्ट नको. लांब लावून चालत यावं, तेच लवकर होतं.

ओटी भरायची असेल तर सामान घरूनच बांधून न्यावं: खण, शेंडी असलेला नारळ, मूठभर तांदूळ, सुपारी, हळदकुंकू. नारळ कानाशी हलवून बघा. पाणी वाजलं नाही तर तो बाजूला ठेवा, बहुधा नासका निघतो. अबोलीचा वळेसर (गजरा) ओल्या केळीच्या पानात गुंडाळावा. प्लास्टिकमध्ये पाकळ्यांना घाम सुटतो नि त्या काळवंडतात. गाभाऱ्याबाहेरूनच दर्शन घ्यायचं, नारळ-ओटी भटजींच्या हाती द्यायची. तोकडे कपडे टाळलेले बरे.

नवरात्रात रात्री मखर हलवतात. देवीची मूर्ती सजवलेल्या मखरात बसवून वाद्यांच्या तालावर झुलवतात. आरतीच्या वेळेला पोचलात तर खांबाआडून फक्त माणसांची डोकी दिसतील, म्हणून अर्धा तास आधी जागा धरा. निवांत दर्शन हवं तर साधा वार आणि सकाळ; शुक्रवार नकोच.